बोळातलं रान

गिरगाव, १४ ऑक्टोबर १९५७

दुर्गाआत्या,

मायन्यात शाई घालवू नये हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून थेट कामाचं लिहिते.

आमच्या दोन खोल्यांच्या मागे, बोळाच्या टोकाशी, एक मोकळा कोपरा आहे. चार बाजा मावतील एवढा. तीन बाजूंना उंच भिंती. ऊन दुपारी उतरतं, भिंतीला हात लावतं आणि परत जातं. जमीन कायम ओली, खाली चुना आणि विटांचे तुकडे. आजवर तिथे मोडकं लाकूडसामान आणि मांजरी असत. आता वाडीच्या समितीनं ठरवलंय की तिथे ह्यांच्या स्मरणार्थ बाग करायची. गोळीबारात हे गेले त्याला येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील. समितीचे चिटणीस चिंतामणी मास्तर म्हणाले, "वहिनी, हुतात्म्याची बाग हुतात्म्याच्या पत्नीच्याच हातची हवी." सासऱ्यांनी, अप्पांनी, मान डोलावली.

मास्तरांनी स्वतः झेंडू आणि गुलाब आणून लावले. पंधरवड्यात सगळ्यांनी माना टाकल्या. तुम्ही कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. अशा जागी काय जगतं?

मी बरी आहे. अप्पाही बरे आहेत. दिवसभर पुढच्या दारात खुर्ची टाकून बसतात.

तुमची कालिंदी


रत्नागिरी, २३ ऑक्टोबर १९५७

चि. कालिंदी,

मास्तरांना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या हातातून खुरपं काढून घे. सावलीत ऊन मागणारी झाडं लावायची आणि मग जागेला नावं ठेवायची, हे समित्यांचं काम.

आपल्या गावच्या देवराईची आठवण कर. तिथे कुणी काही मांडलेलं नाही. वर छत, मध्ये झुडूप, खाली झाकलेली जमीन. तुझ्याकडे भिंती आहेत, म्हणजे छताचं अर्धं काम झालं. मागच्या भिंतीवर मिरवेल चढव. तिच्यापुढे सोनटक्का, पण शाळेच्या रांगेसारखा नको. तीन इकडे, एक तिकडे. त्याच्या पायाशी नेचे. भिंतीच्या फटींत हंसराज बसव, त्याला चुना आवडतो. जुन्या विहिरींत तो उगाच वाढत नाही. त्या मोडक्या सामानातला एखादा ओंडका आडवा टाकून त्यावर बाशिंगाचा नेचा बांध. वाट सरळ काढू नकोस. एक वळण दिलं की शेवट दिसत नाही आणि चार बाजांची जागा आठांची वाटते.

सगळ्यांत महत्त्वाचा पातेरा. पडलेलं पान झाडायचं नाही, जाळायचं नाही. ते तिथेच कुजू दे. रान त्यावर उभं असतं.

रोपं गोणपाटात बांधून, करंडीत घालून दिवाळीनंतरच्या बोटीनं पाठवते. तोवर राणीच्या बागेत जाऊन मोठ्या झाडांखाली काय वाढतं ते बघून ये. भायखळा म्हणजे काही लंका नाही.

दुसरं. माझ्या शाळेत जूनमध्ये गणिताची जागा रिकामी होते. तू गणित घेऊन बी. ए. झालीस ते गुरुवारच्या गुरुचरित्रवाचनासाठी नव्हे. माझ्याकडे राहशील. होय किंवा नाही एवढंच लिही.

दुर्गाआत्या


गिरगाव, ४ डिसेंबर १९५७

दुर्गाआत्या,

करंडी पोचली. एक नेचा सोडून सगळं जगलंय. सोनटक्का तुम्ही सांगितला तसाच लावला, वाटेला वळण दिलं. मास्तरांनी ते वळण पाहिलं आणि विचारलं, "मिरवणूक इथून कशी वळणार?" मी म्हटलं, एकेकानं यावं.

पातेऱ्यावरून समोरच्या कमळाबाईंशी रोज खटका उडतो. त्या सकाळी खराटा घेऊन येतात. "काय गो, विधवेच्या दारात केर? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, आत्यांनी राखायला सांगितलाय. "तुझी आत्या रत्नांग्रीत बसून आमचा केर मोजता?" असं विचारून गेल्या.

राणीच्या बागेत गेले नाही. निघाले होते. चपला घातल्या. अप्पांनी विचारलं, "कुठे?" म्हटलं, झाडं बघायला. "बरं," म्हणाले. मग म्हणाले, "लवकर ये. बाहेर काय होईल सांगता येत नाही." बाहेर काहीच होत नाही, आत्या. निवडणूक होऊन गेली, लोक सिनेमाला जातात. पण त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर थरथरत होते. मी चपला काढल्या. बोळातून जावं तर बोळही त्यांच्या खुर्चीसमोरच निघतो. अप्पा कधी नाही म्हणत नाहीत. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

मोडकं सामान हलवलं तेव्हा मागे भिंतीच्या बुडाशी एक रोप सापडलं. पावसापासूनचं असावं, कमरेइतकं उंच आहे, पानं मोठाली. कमळाबाई म्हणतात उंबर आहे.

कालिंदी


रत्नागिरी, १२ डिसेंबर १९५७

चि. कालिंदी,

होय किंवा नाही लिही म्हटलं होतं. तू दोन पानं लिहिलीस आणि त्यांत दोन्हींपैकी एकही शब्द नाही. गणितात याला शून्य मिळतं.

अप्पांना परवानगी विचारू नकोस, वेळ सांग. "तासाभरात येते" म्हणायचं आणि निघायचं. म्हातारी माणसं थरथरतात. मीही थंडीत थरथरते.

त्या रोपाची डहाळी पाठव, नुसतं पान नको. उंबर असेल तर आत्ताच उपट. मोठा झाला की भिंत घेऊन जाईल, आणि तोवर आपल्या लोकांचे हात त्याला कोयता लावायला धजणार नाहीत.

दुर्गाआत्या


गिरगाव, २७ जानेवारी १९५८

दुर्गाआत्या,

डहाळी सोबत आहे. ती मी पहाटे, कुणी नसताना तोडली. आता तिला हात लावणं सोपं राहिलेलं नाही.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात कमळाबाईंनी त्या रोपापुढे डोकं टेकलं. "औदुंबर गो. कुणी लावलेला नाय, आपसूक इलेला. हेरंब इलो आपलो." म्हणजे हेच परत आले. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू पडलं होतं. मग समितीनं गवंडी आणून भोवती पार बांधला. त्यात तुमचे दोन नेचे गेले. अप्पा रोज सकाळी बोळातून काठी टेकत येतात, पाराला हात लावून कपाळाला लावतात आणि परत खुर्चीत जाऊन बसतात.

दुसऱ्या वर्षश्राद्धाच्या दिवशी वाडी माणसांनी भरली. बाहेरून चळवळीतले पुढारी आले. फोटोला हार, घोषणा, भाषणं. "मोर्च्याच्या अग्रभागी छातीवर गोळी झेलणारा" असं एक जण म्हणाला. मला पाराशेजारी पाटावर बसवलं होतं. बायका रांगेनं पाया पडत होत्या. माझं वय सत्तावीस आहे, आत्या. कमळाबाईंची सून पाया पडली. ती आणि मी एका वर्गात होतो.

दर गुरुवारी तिथे दिवा मीच लावायचा असं ठरलंय. कुणी ठरवलं ते कळलं नाही. लोक म्हणतात, केवढी शांत जागा केलीत, इथून उठावंसं वाटत नाही. तुमचा कोपरा छानच झालाय. तो जितका छान होतो तितकं माझं इथून निघणं अवघड होतं.

कालिंदी


रत्नागिरी, ५ फेब्रुवारी १९५८

चि. कालिंदी,

हा औदुंबर नाही. औदुंबराची पानं गुळगुळीत आणि एकाआड एक असतात. तुझ्या डहाळीवर ती समोरासमोर, जोडीनं आहेत, आणि कानशीसारखी खरखरीत. देठ पोकळ. हा बोखाडा. आमच्याकडे ओढ्याकाठी हवा तेवढा आहे. त्याला कुणी प्रदक्षिणा घालत नाही, शेळ्या खातात.

तेव्हा प्रश्न सुटला. मास्तरांना बोलाव, दोन्ही झाडांची पानं शेजारी ठेव आणि दाखव. औदुंबर नाही म्हटल्यावर दिवा नाही, दिवा नाही म्हटल्यावर गुरुवारची तुझी गरज नाही. शाळेतल्या जागेचं मार्चअखेर कळवायचं आहे. मी तुझं नाव मंडळापुढे ठेवलंय.

दुर्गाआत्या


गिरगाव, २२ मार्च १९५८

दुर्गाआत्या,

तो बोखाडा आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. लहानपणी तुम्ही ते पान माझ्या हाताच्या पाठीवर घासून ओळख करून दिली होती. तरी मी बोलले नाही. का ते आज लिहिते. हे पत्र वाचून चुलीत घाला.

हे मोर्च्याला गेले नव्हते. यांना ते सगळं आवडतही नव्हतं. ऑफिसात खाडे होतात म्हणून कुरकुरायचे. त्या दिवसांत संचारबंदी होती. घरात डाळतांदूळ होते, पण अप्पांची तपकीर संपली होती. दोन दिवस ते सारखे नाक चोळत खोलीभर फिरत होते, माझ्यावर ओरडत होते. हे म्हणाले, उद्या आणतो. अप्पा म्हणाले, "नाक्यावरचा वाणी फळी उघडून देतो. एवढंसं काम होत नाही तुझ्याच्यानं? बायकोच्या पदराखाली बस." हे सदरा चढवून उतरले. नाक्यापर्यंतही पोचले नाहीत.

मी त्या वेळी भाताचं पाणी वेळत होते. ऐकणारी मी एकटीच.

त्यानंतर अप्पांनी तपकिरीला हात लावलेला नाही. वाडीत म्हणतात, पुत्रशोकानं सोडली. प्रेत आणलं तेव्हा मास्तरांनी त्यावर झेंडा घातला आणि विचारलं, "अप्पा, मोर्च्यातच होता ना?" अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग हो म्हणाले. मी काही बोलले नाही. आम्ही दोघं त्या विषयावर आजवर एक अक्षर बोललेलो नाही. रोज जेवायला समोरासमोर बसतो.

आता सांगा, मी बोखाड्याचं पान घेऊन मास्तरांकडे कशी जाऊ? एक धागा ओढला की सगळंच उसवेल, आणि अप्पा त्यात मरतील. मी रत्नागिरीला आले तर त्यांना वाटेल, ही आता तिकडे सांगणार. म्हणून ते दारात बसतात. मी काय करते ते बघत नाहीत ते, मी अजून बोलले नाही ना, ते बघतात.

उत्तर विचारलं होतंत. माझं होय आहे. पण ते तुम्हांला पाठवण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नाही.

कालिंदी


रत्नागिरी, २९ मार्च १९५८

चि. कालिंदी,

पत्र दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं.

बोल. अप्पांशी एकटीनं बोलू नकोस, ते पुन्हा थरथरतील आणि तू पुन्हा चपला काढशील. चारचौघांत बोल. एकदा उघड्यावर आलं की खोट्याला राखण लागत नाही, आणि राखणदारही मोकळे होतात, तूही आणि तेही. आपली माणसं खरं ऐकून मरत नाहीत. थोडे दिवस बोलत नाहीत, एवढंच.

जागा धरून ठेवलीय. मंडळाला सांगितलं की उमेदवार आजारी आहे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मंडळाशी खोटं बोलले ते हे पहिलं. ते फुकट घालवू नकोस.

दुर्गाआत्या


गिरगाव, ५ मे १९५८

दुर्गाआत्या,

बोलले.

२७ एप्रिलला, रविवारी, पारावर संगमरवरी पाटी बसवली. मास्तर म्हणाले, वहिनींनी दोन शब्द बोलावेत. कुणाला वाटलं नव्हतं मी उठेन. उठले. त्यांचं नाव घेतलं, लग्नातल्या उखाण्यानंतर प्रथमच. म्हटलं, "हेरंब मोर्च्याला गेले नव्हते. ते तपकीर आणायला उतरले होते. हे झाडही औदुंबर नाही." कुणी पाठवलं ते सांगितलं नाही. तेवढं तोंडातून निघालं नाही.

मग मास्तर उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "पाहा, ही थोर घरची रीत. पतीचं मोठेपणही मिरवायचं नाही." टाळ्या पडल्या, आत्या. मी पुन्हा म्हटलं, मी खरं सांगतेय. कमळाबाईंनी येऊन माझा दंड धरला. "बस गो. उन्हानं झाला असात."

उन्हानं. त्या कोपऱ्यात.

त्या गुरुवारी दिवा लावायला गेले तर पारावर तपकिरीची एक डबी ठेवलेली. कुणीतरी नैवेद्य म्हणून आणलेली. आता रोज एखादी असते. मास्तर म्हणतात, वडिलांची सेवा करायला निघालेला मुलगा वाटेत देशाच्या कामी आला, हे तर अधिकच मोठं. पुढच्या भाषणात ते घेणार आहेत.

आणि माझ्याबद्दल ठरलंय की दुःखानं माझं डोकं फिरत चाललंय. एकटी सोडायची नाही. कमळाबाई, त्यांची सून, वरच्या मजल्यावरच्या रमाबाई आळीपाळीनं येऊन बसतात. माया करतात. वेणी घालून देतात. हे पत्र मी न्हाणीघरात लिहितेय. बाहेरून रमाबाई विचारतायत, "झालं का गं?"

अप्पा त्या दिवशी पाटीकडे बघत होते. माझ्याकडे नाही. तेव्हापासून जेवताना मान वर करत नाहीत. पण खुर्ची दारातच आहे.

कालिंदी


गिरगाव, १४ मे १९५८

श्रीमती दुर्गाबाई यांस अप्पांचा नमस्कार.

आपलं चि. कालिंदीच्या नावानं आलेलं नऊ तारखेचं पत्र मी फोडलं. तिची प्रकृती बरी नसल्यानं टपाल माझ्याकडे येतं. तिला घेऊन जाण्यासाठी आपण बोटीनं निघत असल्याचं त्यात वाचलं. कृपा करून येऊ नये. उन्हाळा कडक आहे, प्रवास त्रासाचा आहे, आणि वाडीतल्या लोकांना तिच्याबद्दल जी भावना आहे ती आपण पाहिलेली नाही. तिला इथे कशाची कमतरता नाही.

एवढं लिहून मी पाकीट बंद केलं होतं. पुन्हा उघडून लिहितो आहे.

ती म्हणाली ते खरं आहे. तिनं सांगितलं त्यापेक्षा जास्त खरं आहे, ते तुम्हांला तिनं कळवलं असेल. चार लोकांत ती माझं नाव घेईल म्हणून मी खुर्चीत बसल्या बसल्या वाट पाहत होतो. तिनं घेतलं नाही. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटलं की आता हे कधीच संपणार नाही. ते मला हुतात्म्याचा बाप म्हणतात. नमस्कार करतात. मी नमस्कार घेतो.

या वाडीत दोनशे माणसं आहेत आणि त्यांतलं एकच माणूस मला ओळखतं. ती ताट वाढते तेव्हा तिच्या हातावरून मला कळतं की मी काय केलं. ती गेली की हे मला कोण सांगणार? मग मीही मास्तरांचं ऐकत ऐकत त्यांच्यासारखंच मानू लागेन. त्याचं मला भय वाटतं. म्हणून तिला पाठवता येत नाही. कठोरपणानं नव्हे.

आपण शिकलेल्या आहात. समजून घ्याल.

आपला,
अप्पा


रत्नागिरी, १८ मे १९५८

अप्पासाहेब,

दुसऱ्याचं पत्र फोडणाऱ्या मुलीला मी माझ्या शाळेत दिवसभर वर्गाबाहेर उभी करते. तुमचं वय पाहून ते सोडून देते.

तुमचं पाकीट बंद करण्यापूर्वीचं पत्र मी वाचलेलं नाही असं समजा. नंतरचं वाचलं. त्यातलं एक मला पटलं. माणसाला त्याचं खरं सांगणारं कुणीतरी लागतं, नाहीतर तो लोकांच्या टाळ्यांवर विश्वास ठेवू लागतो. पण या कामाला गणित शिकलेली सत्तावीस वर्षांची मुलगी घरात बसवावी लागत नाही. एक म्हातारी बाई पुरते. मला वेळ आहे, आणि अशा कामाची सवय आहे.

मी पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीनं येते. गुरुवारी दुपारी वाडीत पोचेन. शनिवारी कालिंदी माझ्याबरोबर निघेल. वाडीला काय सांगायचं ते माझ्यावर सोडा. आजारी मुलीला हवापालटाला नेते म्हटलं की कमळाबाईच तिची ट्रंक भरतील. झाडाचं वाडीनं काय करायचं ते करावं, माझी हरकत नाही. तुम्ही एवढंच करायचं की ती उंबऱ्याशी येईल तेव्हा खुर्चीतून उठायचं. ते जमलं नाही तर मी तुम्हांला उठवीन. पण तुम्ही स्वतः उठलात तर तिला जन्मभर उपयोगी पडेल, म्हणून विचारते आहे.

त्यानंतर दर महिन्याला तुम्हांला माझं पत्र येईल. कालिंदी बरी आहे की नाही ते त्यात असेल, आणि खाली नेहमी हीच दोन वाक्यं असतील. एक वाचून दुसरं सोडायचं नाही. आजपासूनच लिहिते.

हेरंबला तपकीर आणायला तुम्ही पाठवलंत.

गोळी तुम्ही झाडली नाहीत.

दुर्गा